नाणे वाजवून घ्यावे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)





या समारंभात चार शब्द बोलावेत असे संस्थेच्या चिटणीसांनी मला सुचविले, तेव्हा विषय कोणता, असे मी त्यांना विचारले. ते हसून म्हणाले, "सर, तुम्ही हल्ली दिवसभर मोबाईल घेऊन इंटरनेटवर काय पाहत असता, तेच सांगा." त्यांच्या बोलण्यात थोडी थट्टा होती. परंतु विचार केल्यावर मला वाटले की विषय खरोखरच चांगला आहे. आज येथे बसलेल्या प्रत्येक घरात हे यंत्र पोहोचले आहे. त्यातून मुले काय घेतात आणि आपण वडीलधारी माणसे काय घेतो, याचा विचार अशा समारंभात व्हावयास हवा.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. माझ्या लहानपणी गावच्या वाचनालयात पुस्तकांचे एकच कपाट होते व त्याची किल्ली ग्रंथपालांच्या करगोट्याला बांधलेली असे. ते जेवावयास गेले की ज्ञानाचे दार बंद! आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. मला मात्र ते फार उशिरा मिळाले. नातवाने नवा मोबाईल घेतला आणि जुना माझ्या हाती दिला. त्या दिवसापासून त्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात आली आहे. एक गोष्ट शोधावयास बसावे आणि तीन भलत्याच गोष्टी हाती लागाव्यात, असा माझा रोजचा अनुभव आहे. जुन्या बाजारात फिरण्यासारखेच हे आहे. कुलूप घ्यायला जावे आणि समईची जोडी घेऊन परत यावे!

अशा दोन-तीन गमतीच्या गोष्टी विद्यार्थी मित्रांना आधी सांगतो.

मराठीचा जुना आणि मोठा शब्दकोश मोल्सवर्थ साहेबांचा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली निघाली. एके काळी हा ग्रंथ पाहावयास मिळणेही दुर्लभ होते. आज शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर ठेवला आहे व कोणीही, घरबसल्या, विनामूल्य तो चाळू शकतो. या कोशात शब्दापुढे तो कोणत्या भाषेतून आला हे दाखविणारी खूण केलेली असते. मी एकदा आपल्या मुलांच्या पाठीवरचे 'दप्तर' शोधले. हा शब्द मराठीत फारशीतून आला. परंतु त्याचा माग काढत गेलो तर तो थेट जुन्या ग्रीक भाषेपर्यंत पोहोचतो. ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्याला 'डिफ्थेरा' म्हणत. पूर्वी कातड्यावर लिहीत असत. तेव्हा कातड्यावरून लिखाण, लिखाणावरून कागदपत्रांचा गठ्ठा, गठ्ठ्यावरून कचेरी आणि शेवटी शाळकरी मुलाची पिशवी, असा या शब्दाचा प्रवास झाला. याहून गमतीची गोष्ट म्हणजे घटसर्प या रोगाचे इंग्रजी नाव 'डिप्थेरिया' हेही त्याच शब्दापासून बनलेले आहे. या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात तो शब्द निवडला. म्हणजे आपल्या मुलांच्या पाठीवरचे दप्तर आणि ज्या रोगाची लस आपण त्यांना बालपणी टोचून घेतो तो रोग, या दोघांचे कूळ एक!

दुसरा शब्द 'शाई'. त्याचे मूळ फारशी 'सियाही', म्हणजे काळेपणा. आता आपण लाल शाई म्हणतो, हिरवी शाई म्हणतो. मूळ अर्थ धरला तर लाल काळेपणा, हिरवा काळेपणा! आम्हा शिक्षकांनी आयुष्यभर लाल काळेपणाने उत्तरपत्रिका तपासल्या आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

तिसरी गोष्ट तुमच्या हातातील मोबाईलचीच. कोणत्या वेळी तुम्हाला कोणते चित्र दाखवावे हे ज्या हिशेबाने ठरते त्याला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नावाचा गणिती होऊन गेला. खलिफा अल-मामून यांच्या काळात त्याने आपल्या भारतातील अंक व शून्य वापरून हिशेब कसा करावा यावर ग्रंथ लिहिला. पुढे युरोपात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि 'अल-ख्वारिज्मी'चे 'अल्गोरिझ्मी' झाले. युरोपातील लोक या अंकांना अरबी अंक म्हणतात आणि अरब लोक आपल्या अंकांना हिंदी अंक म्हणतात. देणाऱ्याचे नाव प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितले आहे, हे मला फार आवडते.

याच गणित्याच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावात 'अल-जब्र' हा शब्द आहे. त्यावरून बीजगणिताचे इंग्रजी नाव 'आल्जिब्रा' पडले. 'जब्र' याचा एक अर्थ मोडलेले सांधणे. स्पेनमध्ये अरबांची सत्ता अनेक शतके होती, त्यामुळे हा शब्द स्पॅनिश भाषेत गेला आणि तेथे 'अल्जेब्रिस्ता' म्हणजे हाडे बसविणारा, आपला हाडवैद्य! 'डॉन किहोते' या जगप्रसिद्ध स्पॅनिश कादंबरीच्या १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात घोड्यावरून पडलेल्या एका पात्रावर असाच 'अल्जेब्रिस्ता' उपचार करतो. ज्या विद्यार्थ्यांना बीजगणित म्हणजे हाडे मोडण्याचा विषय वाटतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तो विषय हाडे सांधण्याचा आहे.

मित्रहो, ही झाली मौज. अशा मौजेने मनाची कवाडे उघडतात आणि म्हणून मी इंटरनेटला नावे ठेवणाऱ्यांपैकी नाही. परंतु जुन्या बाजारात खऱ्या समईशेजारी खोटे नाणेही मांडलेले असते. दोन्ही सारखीच चकाकतात. आपली आजी बाजारात सुटे पैसे घेताना रुपया दगडावर वाजवून घेत असे. त्याचा आवाज खणखणीत आला तरच तो कनवटीला जाई. हे वाजवून घेणे आपण विसरलो आहोत. आणि हे मी इतरांना उद्देशून म्हणत नाही. स्वतः मी एक खोटे नाणे न वाजवता घेतले व ते मुलांच्या हातावर ठेवले. ती हकिगत आज आपल्यासमोर सांगणे मला आवश्यक वाटते.

१९८५ सालची गोष्ट. आमच्या भागातील बरेच लोक नोकरीसाठी आखातात होते. सुटीवर आलेल्या एका गृहस्थांनी एक कॅसेट आणली होती. तीत एका वक्त्याचे भाषण होते. ते असे की, चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांना तेथे एक अनोळखी आवाज ऐकू आला. पुढे ते कैरो शहरात गेले असता त्यांच्या कानावर अजान पडली आणि चंद्रावर ऐकला तो आवाज हाच, हे ओळखून त्यांनी इस्लाम स्वीकारला. ते ऐकून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी नववीच्या वर्गात मी ती कथा रंगवून सांगितली. वर्ग तल्लीन होऊन ऐकत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठून उभी राहिली. अबोल मुलगी. कधी आपणहून बोलत नसे. तिने विचारले, "सर, चंद्रावर हवा नाही, मग आवाज ऐकू कसा आला?"

विद्यार्थी मित्रांनो, ध्वनीला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी माध्यम लागते, निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही, हा धडा मी स्वतः त्याच वर्गाला शिकविलेला होता. काचेच्या हंडीत घंटा ठेवून हवा काढून घेण्याचा प्रयोग मीच फळ्यावर आकृती काढून समजावला होता. त्या मुलीने माझाच धडा मला म्हणून दाखविला. शिक्षकाला याहून मोठा आनंद कोणता असावा? पण मी काय केले? मी तिला म्हणालो, "श्रद्धेच्या गोष्टीत फाटे फोडू नयेत. खाली बस." वर्ग हसला. ती खाली बसली. त्या वर्षात तिने पुन्हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. पुढच्या वर्षी तिचे नाव हजेरीपटावर नव्हते. त्या काळी अनेक मुलींची नावे अशीच हजेरीपटावरून जात. तिच्या शाळा सोडण्याला माझे शब्द कारण झाले असे मी म्हणत नाही, परंतु त्यांचा काहीच वाटा नव्हता असे म्हणण्याचा अधिकारही मला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री नातवंडांना सांगण्यासाठी म्हणून मी ती कथा इंटरनेटवर शोधू लागलो. तपशील मिळावा एवढीच इच्छा होती. मिळाले ते निराळेच. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले २० जुलै १९६९ रोजी. त्यांच्या धर्मांतराची ही वार्ता पुढे इजिप्त, मलेशिया, इंडोनेशिया अशा देशांत इतकी पसरली की त्यांना खुलासा करणे भाग पडले. मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना त्यांच्या वतीने संदेश पाठविला. कोणाच्याही भावना दुखवाव्यात किंवा कोणत्याही धर्माचा अनादर करावा अशी आर्मस्ट्राँग यांची इच्छा नाही, परंतु त्यांनी धर्मांतर केल्याची बातमी खरी नाही, असा त्याचा आशय. अमेरिकेतील ओहायो राज्यात 'लेबनॉन' नावाचे गाव आहे व त्याच्याजवळ आर्मस्ट्राँग बरीच वर्षे राहत होते. त्या नावाने गैरसमजाला खतपाणी मिळाले असावे, असाही एक तर्क केला जातो. २०१२ साली आर्मस्ट्राँग वारले. आजही ती कथा मोबाईलवरून फिरते आहे.

सनावळी ध्यानात घ्या. खुलासा १९८३ चा आणि मी कथा सांगितली १९८५ साली. त्या वेळी मला इंटरनेट नव्हते हे खरे. तो संदेश माझ्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते, हेही खरे. पण ती सबब चालणार नाही. कारण ते नाणे वाजवून पाहण्यासाठी इंटरनेटची गरजच नव्हती. नववीचे पुस्तक पुरेसे होते, आणि ते एका मुलीने माझ्यासमोर उघडून धरले होते.

मी ते का उघडून पाहिले नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. कारण एवढेच की ती गोष्ट खरी असावी अशी माझी इच्छा होती. मला हवे तेच कोणी सांगत होते. खोटे नाणे आपण घेतो ते बहुधा अंधारात घेत नाही, तर हव्यासाने घेतो. वस्तुतः धर्म असल्या कथांच्या टेकूवर उभा नसतो. उलट टेकू खोटा निघाला की पाहणाऱ्याला इमारतीचीच शंका येऊ लागते.

त्या रात्रीनंतर मी माझ्या आवडीच्या प्रत्येक गोष्टीला तोच प्रश्न विचारू लागलो. त्यातील दोन गोष्टी आज मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही आपल्याला अत्यंत प्रिय अशा स्त्रियांच्या आहेत, दोघींचेही नाव फातिमा आहे आणि दोघींचाही संबंध शिक्षणाशी आहे.

पहिली आपल्या पुण्याची. फुले पती-पत्नींच्या शाळांच्या कामात त्यांच्या बरोबरीने उभी राहिलेली फातिमा शेख. ९ जानेवारी २०२२ रोजी गुगलने आपल्या पहिल्या पानावर तिचे चित्र दिले, तेव्हा आपल्या कित्येक घरांत आनंद झाला. मग २०२५ साली, त्याच ९ जानेवारीला, एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की अशी कोणी स्त्री नव्हतीच, ते पात्र मीच रचले. दोन दिवस आमच्या मोबाईलवर एकच गदारोळ. काही म्हणत, पाहा, सगळे खोटे होते. काही रागाने शिव्या देत होते. माझी नात मला म्हणाली, "नाना, रागावण्यापेक्षा कागद शोधू या."

आम्ही कागद शोधला. 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' हा डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केला आहे. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. प्रकृती सुधारते आहे, पूर्ण बरी झाले की पुण्यास येते, काळजी करू नये, असे त्या कळवितात. आणि त्या ओघात, आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे एक वाक्य त्या लिहून जातात.

एकच वाक्य! पण किती सांगते ते पाहा. कामाचा भार तेथे फातिमा नावाच्या स्त्रीवर होता, तो ती निमूटपणे वाहत होती, आणि आजारी सावित्रीबाईंना अंथरुणावर पडल्या पडल्या तिची आठवण होत होती. जी व्यक्ती १९८८ साली छापलेल्या पत्रात आहे, ती पुढे समाजमाध्यमाच्या काळात कोणी रचली असे कसे म्हणता येईल? नाणे वाजवले आणि खणखणीत वाजले.

पण मित्रहो, वाजवायचे तर पुरते वाजवावे. त्या पत्रात 'फातिमा' एवढेच नाव आहे, आडनाव नाही. तिचा जन्मदिवसही त्यात नाही. आपण ९ जानेवारी १८३१ ही तारीख छातीठोकपणे फलकावर लिहितो, भाषणात तिचे संवादही रचून घालतो. असे केले की उद्या कोणी एखादी तारीख खोटी ठरवील आणि तारखेबरोबर ती बाईच खोटी होती असे लोकांना वाटू लागेल. तिच्यावर आपले प्रेम असेल तर कागद जेवढे सांगतो तेवढे आपण खात्रीने सांगावे, आणि उरलेले शोधण्यासाठी आपल्या मुली इतिहासाच्या अभ्यासाकडे पाठवाव्यात.

दुसरी फातिमा मोरोक्को देशातील फेज शहराची. फातिमा अल-फिहरी. व्हॉट्सअॅपवर ही गोष्ट आपण सर्वांनी वाचली असेल. ट्युनिशियातील कैरवान येथून आलेल्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या या मुलीने वारशाचा पैसा खर्चून इ. स. ८५९ मध्ये अल-कराविय्यीन ही मशीद उभारली, तेथे पुढे मोठे विद्यापीठ झाले आणि जगातील अखंड चालू असलेले सर्वांत जुने विद्यापीठ ते हेच, अशी ती गोष्ट. मी स्वतः ती याच संस्थेच्या मंडपात सांगितली आहे व टाळ्या घेतल्या आहेत.

तीही वाजवून पाहिली. ही हकिगत ज्या ग्रंथातून मुख्यतः पुढे आली तो इब्न अबी झर यांचा फेज शहराचा इतिहास आहे आणि तो लिहिला गेला चौदाव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी. विसाव्या शतकात त्या मशिदीच्या दुरुस्तीचे काम चालू असता एक जुना कोरीव लेख सापडला. त्यावर हिजरी २६३, म्हणजे इ. स. ८७७ हे साल असून बांधविणाऱ्याचे नाव दाऊद इब्न इद्रीस असे आहे. हा लेख याच मशिदीचा की दुसरीकडून आणून बसविलेला, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तेव्हा जी गोष्ट मी छातीठोकपणे सांगितली, ती प्रत्यक्षात अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे. परंपरेने ती फातिमाची मानली जाते, एवढेच मी आज म्हणू शकतो. कराविय्यीन येथे शतकानुशतके विद्यादान झाले, हे मात्र निर्विवाद आहे.

या दोन फातिमा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. जिला लोक काल्पनिक म्हणाले तिच्यामागे तिच्या काळचे पत्र उभे आहे. जिच्याविषयी कोणाला शंका नव्हती, तिच्याविषयी जपून बोलणे भाग आहे. पुरावा आपली आवड पाहत नाही, आणि म्हणूनच तो आपल्या उपयोगी पडतो. आपल्या विरुद्ध कोणी खोटे बोलले तर त्याला खोडून काढण्याचे बळ आपल्याला तेव्हाच येते, जेव्हा आपल्या बाजूचे खोटेही आपण खोडून काढलेले असते.

कोणी म्हणेल, सर, हे संशय घेण्याचे खूळ आपले नव्हे. मी नम्रपणे सांगतो की, हे आपलेच आहे आणि फार जुने आहे. पैगंबरसाहेबांचे वचन म्हणून कोणी काही सांगितले की हदीसचे अभ्यासक आधी 'इसनाद' विचारीत. तू कोणाकडून ऐकलेस, त्याने कोणाकडून ऐकले? साखळीतील प्रत्येक माणसाची सचोटी व स्मरणशक्ती ते पारखून घेत. तो दुसऱ्याला भेटणे शक्य तरी होते काय, हेही पाहत. या चौकशीतून हजारो माणसांच्या चरित्रांचे एक वेगळे शास्त्रच तयार झाले. नवव्या शतकातील इमाम बुखारी यांनी यासाठी देशोदेशी प्रवास केला. कुरआन शरीफच्या ४९व्या सूरहमध्ये, अविश्वसनीय माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, अशी आज्ञा आहे. आणि प्रकाशशास्त्राचा पाया घालणारा बसऱ्याचा इब्न अल-हैसम याने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, सत्य शोधणाऱ्याने थोर विद्वानांच्या ग्रंथांवरही आंधळा विश्वास ठेवू नये, आणि तपासताना स्वतःच्या मनाचाही संशय घ्यावा. मोबाईलवर आलेला मजकूर डोळे मिटून पुढे ढकलणारे आपण, या लोकांचे वारस म्हणवतो!

आता विद्यार्थी मित्रांना व्यवहारातील चार गोष्टी सांगतो. काही नवल दिसले तर आधी पाहा, हे कोण सांगतो? त्याचे नाव नसेल तर तेथेच थांबा. मग पाहा, कधी सांगितले? जुनी छायाचित्रे ताज्या घटनेची म्हणून नित्य फिरत असतात, आणि छायाचित्र आधी कोठे आले होते हे शोधण्याची सोय आता मोबाईलवरच आहे. तिसरे, मूळ कागद कोठे आहे? पुस्तक असेल तर संपादक कोण, साल कोणते, पान कोणते? इंटरनेट आर्काइव्ह नावाची एक संस्था १९९६ पासून जुनी संकेतस्थळे साठवून ठेवीत आहे व तिने लक्षावधी जुने ग्रंथही वाचावयास खुले केले आहेत. तेथे मूळ ग्रंथ पुष्कळदा सापडतो. आणि चौथे, सर्वांत अवघड. ही गोष्ट खरी असावी असे मला वाटते आहे काय? वाटत असेल तर दुप्पट जोराने वाजवून घ्या.

याकरिता एक वही करा. तिला शोधवही म्हणा. काय सापडले, कोठे सापडले, कोणी लिहिले, खात्री कशी केली, असे चार रकाने पाडा. आठवड्याला एकच नोंद करा. वर्षाला पन्नास नोंदी होतील, आणि त्या पन्नास गोष्टींविषयी तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही.

पालकांना माझी वेगळी विनंती आहे. मोबाईलने मुले बिघडतात ही आपली चिंता मी जाणतो. रात्र-रात्र खेळ खेळणारी, नको ते पाहणारी मुले मीही पाहिली आहेत. परंतु उपाय म्हणून आपण काय करतो? मुलाला मोबाईल घेऊन देतो आणि मुलीच्या हातातला काढून घेतो. हा बंदोबस्त नव्हे, हा पक्षपात आहे. नियम करावयाचा तर दोघांना सारखा करावा. मोबाईल बैठकीच्या खोलीत, सर्वांसमोर वापरावा, रात्री ठरल्या वेळी तो बाजूला ठेवावा, आणि हा नियम वडिलांनीही पाळावा. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांजवळ बसून, तुला काय नवे सापडले, असे विचारावे. आपण शिकलेलो नाही म्हणून संकोच करू नये. "तुला हे कोणी सांगितले?" हा प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. आपल्या निरक्षर आजीला रुपया वाजवून घेता येत होता.

आणि मूल जेव्हा अडचणीचा प्रश्न विचारील, तेव्हा त्याला खाली बसवू नका. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, मिळून शोधू म्हणा. माझ्या नोकरीत मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांतील एकही उत्तर मला आज आठवत नाही. आठवतो तो मागच्या बाकावरून आलेला एक प्रश्न.

ती मुलगी आज पन्नाशी उलटलेली गृहिणी असेल. तिला आपली आठवणही नसेल कदाचित. तिची क्षमा मागावयास मी तिला शोधून काढू शकलो नाही. इंटरनेटवर सारे सापडते असे म्हणतात, पण ज्यांचे नाव हजेरीपटावरून गेले ती माणसे तेथे सहसा सापडत नाहीत. म्हणून मी अध्यक्ष महाशयांच्या परवानगीने एक अल्प रक्कम संस्थेकडे देत आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला पुस्तकरूपाने बक्षीस द्यावे. सर्वांत जास्त गुण मिळविणाऱ्याला नव्हे. वर्षभरात शिक्षकांना सर्वांत चांगला प्रश्न विचारणाऱ्याला. निवड शिक्षकांनीच करावी. ज्या प्रश्नाने त्यांना उत्तर देताना अडविले, तो प्रश्न निवडावा.

 मी जे सांगितले ते केवळ एका वृद्ध शिक्षकाने सांगितले म्हणून खरे मानू नका. दप्तर, अल्जेब्रिस्ता, आर्मस्ट्राँग, दोन्ही फातिमा, सारे घरी जाऊन वाजवून पाहा. एखादे नाणे बद्द वाजले तर मला अवश्य येऊन सांगा. या वेळी मी कोणाला खाली बसविणार नाही.

खुदा हाफिज.